खांद्याखालची चित्रं

९ जानेवारी

आज ऑफिसातून आलो तर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. हिने घरातली सगळी चित्रं भिंतींवरून उतरवून जमिनीवर मांडलेली. मी दारातच थांबलो. म्हटलं, "जप्ती आली का?"

"बूट काढा आणि हातोडी आणा," ही म्हणाली.

हिने शाळेतली चित्रकलेची नोकरी मुदतीआधीच सोडली, त्याला आता वर्ष होईल. "पोरांच्या वह्या तपासून कंटाळा आला," हे अधिकृत कारण. तेव्हापासून मला धाकधूक होती की ही रिकामी झालेली मास्तरीण आता मला तपासायला घेणार. सुदैवाने तिचं लक्ष भिंतींकडे गेलं.

बेत असा : सगळी चित्रं पॅसेजमध्ये. आमचा पॅसेज म्हणजे झोपायच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंतचा लांबट, बिनखिडकीचा मार्ग. मध्ये न्हाणीघराचं दार, शेवटी दोन पायऱ्या उतरून स्वयंपाकघर. घर बांधणाऱ्याची मापं कुठेतरी चुकली आणि त्याने ती चूक त्या दोन पायऱ्यांत जिरवली.

"अगं, तिथे अंधार. चित्रं हॉलमध्ये असली तर पाहुणे बघतील."

"पाहुणे चहा बघतात," ही म्हणाली.

अनेक वर्षं सार्वजनिक सभांचं वार्तांकन केल्यामुळे ठराव कधी मंजूर झाला हे मला लगेच कळतं.

११ जानेवारी

शास्त्र सांगतं की चित्राचा मध्य बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत यावा. हे शास्त्र मला हिनेच लग्नानंतरच्या पहिल्या भाड्याच्या खोलीत शिकवलं होतं, माझ्या हातून अंगठा ठेचून घेत. आज मी पेन्सिल, दोरी, पाणसळ असा सगळा सरंजाम घेऊन त्या रेषेवर खूण केली. हिने हात सैल सोडून थोडा पुढे केला, बोटं भिंतीला टेकवली. "इथे."

"ही तर खांद्याखाली आली."

"येऊ दे."

"चित्रं बघायला लोकांनी रांगत यायचं का?"

"तुम्हाला वाकायला काय होतंय? संपादकापुढे वाकता तेव्हा नाही पाठ दुखत."

भिंत हे अधिकरण, चित्र हे कर्म, कर्ता मी. आणि क्रियापद सगळं हिच्या तोंडात. खिळे ठोकून झाल्यावर बघतो तर ही झोपायच्या खोलीपासून भिंतीवर बोटं सरकवत चालत येतेय, तीही डोळे मिटून.

"हे काय?"

"ओळ सरळ आलीय का बघतेय."

"डोळे मिटून?"

"डोळे फसवतात हो."

जन्मभर मुलांना "नीट बघा, नीट बघा" म्हणून ओरडलेल्या बाईने हे म्हणावं! म्हटलं, ऐन पन्नाशीत वेदान्त उतरला. नीट टिपून ठेवतो आहे.

१६ जानेवारी

चौकटवाल्याकडे गेलो. हिला प्रत्येक चित्राला वेगळी चौकट हवी. एक मण्यांच्या काठाची, एक साफ गुळगुळीत काळी, एक पिळाच्या दोरीसारखी कोरलेली आणि एक चक्क गोल.

चौकटवाला कळवळला. "ताई, सेट नाही जमत हा. एक दुसरीला ओळख देत नाही. लोक हसतील."

"हसू देत. मोठ्याने हसले तर कुठे उभे आहेत ते तरी कळेल."

तो हसला, मीही हसलो. ही मात्र प्रत्येक नमुन्याच्या काठावरून अंगठा फिरवण्यात गुंग होती. दुकानात उजेड भरपूर होता, तरी लाकडाचा रंग काय हे तिने मलाच विचारलं. हा माझ्या रंगज्ञानाचा उशिरा झालेला गौरव समजतो.

१९ जानेवारी

प्रतिष्ठापना संपन्न. क्रम खुद्द संचालिकाबाईंनी ठरवला आणि तो बदलायची कुणाची छाती नाही. न्हाणीघराच्या दाराशी मण्यांच्या काठाचं, हिने पूर्वी काढलेलं हातांचं रेखाटन. मग काळ्या चौकटीत धुक्यातला पूल. मग दोरीच्या चौकटीत गलबत. आणि शेवटी, पायऱ्यांच्या तोंडाशी, गोल चौकटीतल्या तीन नासपती.

"नासपती स्वयंपाकघराजवळ हव्यात म्हणून का?"

"हो, हो. म्हणूनच," ही म्हणाली आणि हसली. माझी समीक्षा बरोबर निघाली की तिला असं हसू येतं.

२४ जानेवारी

हिने आज पुन्हा माझी बातमी मला मोठ्याने वाचायला लावली. "तुमच्या आवाजात बऱ्या वाटतात." फुटलेल्या जलवाहिनीची बातमी, पण मी ती अशी वाचली की जणू महाप्रलय. गेले कित्येक महिने हे रोजचं झालंय. इतकी वर्षं हिने माझं लिखाण फक्त रद्दी घालताना हाताळलं. आता कुठे माझी शैली हिच्यापर्यंत पोचली.

चहा ओतताना अर्धा बशीत, अर्धा टेबलावर. म्हटलं, "कपालाही संधी द्यावी." फडकं घेऊन पुसत बसली. डोळ्यांच्या डॉक्टरकडेही पुन्हा जाऊन आली, एकटीच. मला येऊ देत नाही. नंबर बदलतोय म्हणे. नंबर दर खेपेस बदलतो. चष्मा मात्र तोच.

३० जानेवारी

ऐतिहासिक दिवस. याची पार्श्वभूमी नोंदवायलाच हवी.

लग्न झाल्यापासून आमचा एक खेळ आहे. मी गुपचूप घरातलं एखादं चित्र केसभर तिरपं करायचं आणि हिने ते ओळखायचं. बोलायचं काही नाही. जाता जाता बोटाने सरळ करून पुढे जायचं. बहुतेक वेळा माझा चहा गार व्हायच्या आत चित्र सरळ झालेलं असे. मी एकदाही जिंकलेलो नाही. एकदा तर तापात होती, तरी अंथरुणातून म्हणाली, "तो डोंगर घसरतोय."

तोच डोंगर, लेकीने दिलेला, पॅसेजच्या यादीतून सुटलेला, आता हॉलमध्ये एकटाच उरलाय. परवा मी त्याला बोटभर कलता केला. परवा नाही, काल नाही, आजही नाही! त्याच्यासमोर बसून तिने मटार सोलले. शेवटी मीच सरळ केला. जाहीर केलं नाही. एका डावाने सामना जिंकला असं म्हणता येत नाही; निर्णायक विजय हवा.

६ फेब्रुवारी

लेक येऊन गेली. दुसऱ्या गावी असते, आली की माझी फाइल उघडते : रक्तदाब, चालणं, साखर. या वेळी आईची उघडली.

"बाबा, आई कपाटाच्या उघड्या दाराला धडकली. कपाळाला लागलं."

"कपाट उघडं कुणी ठेवलं?"

"तुम्हीच."

तिथे विषय मी संपवला. मग मी आत वाचत पडलो होतो आणि त्या दोघी स्वयंपाकघरात. हिचा आवाज खाली आला होता. सासूबाईंबद्दल, म्हणजे तिच्या आईबद्दल, बोलत होती. सासूबाईंचे डोळे उतारवयात गेले, हे मला माहीत होतं. पुढचं नव्हतं.

"आजीला खुर्चीत बसवली ना, तेव्हा तिला थोडं थोडं दिसत होतं. पण उठली की सगळे धावायचे. पडशील, पडशील, बस तू, आम्ही देतो. प्रेमानेच हो सगळं. मग ती चालायचंच विसरली. शेवटी शेवटी तर तहान लागली तरी कुणी येईपर्यंत थांबायची. मला तसं नाही व्हायचं. त्यापेक्षा पडलेली बरी."

"तुला कशाला होईल तसं?" लेक म्हणाली.

हिने नळ सोडला. बायका एकत्र बसल्या की गेलेल्या माणसांची दुःखं काढतात. मी पान उलटलं.

१२ फेब्रुवारी

आज संध्याकाळी निर्णायक चाल खेळलो. ही शेजारी गेली होती. नुसतं तिरपं करणं आता लहान मुलांचं वाटतं, म्हणून थेट अदलाबदल : गलबत शेवटी, पायऱ्यांच्या तोंडाशी, गोल नासपती त्याच्या जागी. चौकटींच्या संमेलनात दोन प्रतिनिधींनी खुर्च्या बदलल्या. हे जर हिच्या लक्षात आलं नाही, तर आजवरचे सगळे पराभव धुऊन निघाले.

ही आली ती थेट झोपायच्या खोलीत गेली, डोकं दुखतंय म्हणून. निकाल उद्या.

१४ फेब्रुवारी

इस्पितळाच्या बाकावर लिहितोय.

काल सकाळी मी दाढी करत होतो. गॅसवर दूध होतं. करपल्याचा वास आला आणि ही "दूध, दूध" करत पॅसेजमधून धावली. मग आवाज. आधी काचेचा, मग तिचा.

पायऱ्यांखाली पडली होती. गलबताची चौकट हातात तशीच. पडताना धरायला गेली असणार, खिळ्यासकट निघून आली. काच तळव्यात घुसलेली. खुब्याचं हाड मोडलंय. मी तिला उचलायला गेलो तर माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाली, "अहो, कुठे आहात?" मी तिच्या तोंडासमोर होतो.

१५ फेब्रुवारी

शस्त्रक्रिया झाली. इस्पितळवाल्यांनी हिच्या डोळ्यांच्या डॉक्टरलाही बोलावलं होतं. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुम्हाला घरात काहीच सांगितलेलं नाही?"

नाही.

नजरेच्या कडा कधीच्या गेल्यात. किल्लीच्या भोकातून दिसावं तेवढं मधलं उरलंय आणि तेही मिटत चाललंय. आईकडून आलेलं. औषध नाही. नोकरी त्यासाठीच सोडली होती. "त्यांनी मला शपथ घातली होती," डॉक्टर म्हणाला. "घरात सगळं पाठ करून ठेवलंय म्हणाल्या, अडत नाही."

मी वार्ताहर. अध्यक्षांनी दोन पायांत दोन वेगळे मोजे घातले होते, हे भर सभेत मला दिसलं आणि मी ते छापलं होतं. लोक अजून सांगतात.

दुसरं काही लिहवत नाही.

१८ फेब्रुवारी

आज ती जरा बोलली. लेक डबा आणायला गेली होती. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला हात धरून फिरवलं असतं."

"मग? काय बिघडलं असतं?"

तिने पांघरुणाची कड बोटांनी चाचपली. मग विचारलं, "अहो, ते गोल चित्र जागेवरच होतं ना? पायऱ्यांपाशी?"

मला वाटलं, थोडं हसवावं हिला. म्हटलं, "इथेच तर गंमत आहे. आदल्या संध्याकाळीच मी गलबत आणि नासपती बदलली होती. तुला पत्ताही लागला नाही. नोंद करून घे, पहिला पराभव."

तिने डोळे मिटले. झोप लागली असं वाटलं. पण मग माझा हात चाचपून शोधला आणि घट्ट धरला.

"जिंकलात हं तुम्ही," म्हणाली. "पण हे कुणाला सांगू नका. लेकीला तर मुळीच नाही. कधीच नाही."

एवढ्याशा पराभवाचीही लाज. तशी ती पहिल्यापासून मानी. मी वचन दिलं.

२७ फेब्रुवारी

उद्या घरी आणायची. लेक रजा काढून आलीय. आम्ही दोघांनी घर सुरक्षित केलं. कोपरे असलेलं टेबल बाहेर, सतरंज्या गुंडाळून वर. पॅसेजमधली चित्रं तर सगळ्यांत आधी काढली.

"या फ्रेम्सनीच घात केला बाबा," लेक म्हणाली. "एवढ्या खाली काचा लावतं का कुणी? धरायला गेली म्हणून हात फाटला."

मलाही पटलं. मुळात माझीच सूचना होती, वर लावू या म्हणून. जुन्या चादरीत गुंडाळून सगळी पलंगाखाली सारली. हॉलमध्ये खिडकीपाशी हातांची, उंच पाठीची खुर्ची ठेवली. मऊ उशी. तिथे ऊन येतं.

२८ फेब्रुवारी

आली. वॉकर घेऊन दोन पावलं नीट टाकली. पॅसेजच्या तोंडाशी वॉकरवरचा एक हात काढला आणि भिंतीला लावला. पुढे सरकवला. आणखी पुढे. मग थांबली.

"कुठे आणलंत मला?"

"अगं, घरी."

"चित्रं?"

"काढली. काचा होत्या ना आई," लेक म्हणाली.

"बिनकाचेची लावा. नुसत्या चौकटी लावा."

"रिकाम्या चौकटी?" लेक माझ्याकडे बघून डोळे पुसायला लागली. तिला वाटलं, आईला भ्रम होतोय. मी हळूच म्हटलं, "आधी बरी हो, मग बघू." आणि कोपराला धरून खुर्चीत नेऊन बसवलं. हात झिडकारला, पण बसली.

५ मार्च

लेक काल गेली. आज सकाळी मी हिच्या केसांची वेणी घालत होतो. अजून जमत नाही, सुतळी वळल्यासारखी होते. ती म्हणाली, "अहो, ती चित्रं नुसती बघायला नव्हती लावली मी."

"मग कशाला?"

माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. काहीतरी अगदी ओठांवर आलं होतं. माझा हात शोधून त्यावर थोपटलं, जसं लहान मुलाला थोपटतात.

"जाऊ दे. तुमच्या जिवाला नसता घोर."

सौंदर्यदृष्टी. कलावंताला डोळे गेले तरी घरात चित्र हवं असतं. मला हे खरंच हृद्य वाटलं. तिला म्हटलं, मी तुला रोज एका चित्राचं वर्णन करून सांगत जाईन. "सांगा," म्हणाली.

२१ मार्च

कामावर जायला लागलो. सकाळी तिला बसवून, जवळ रेडिओ लावून जातो. शेजारच्या बाई दुपारी जेवण देतात.

पण एक कळत नाही. परवा आलो तर सिंकमध्ये पाण्याचा पेला होता. आज कपडे वाळत घातलेले, वाकडेतिकडे, पण घातलेले. विचारलं तर म्हणते, "गेले होते जरा."

"कशी गेलीस? पायऱ्या आहेत तिथे! पुन्हा पडलीस म्हणजे?"

"नाही पडत."

"परवानगी घेत जा बाई."

"बरं, साहेब," म्हणाली. कित्येक आठवड्यांनी तिच्या आवाजात जुना खोडसाळपणा ऐकला. गालावर जरा रंगही दिसला. मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. दुपारभर कामात लक्ष नव्हतं. लेकीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, तिला उठू देऊ नका."

८ एप्रिल

ऑफिसात सगळे माझं कौतुक करतात. संपादक म्हणाले, "तुम्ही करताय तेवढं कुणी करत नाही." मी विनयाने मान डोलावली, पण तेवढं एक वाक्य घरी घेऊन आलो.

तिच्यासाठी काहीतरी करावं असं मनात आहे. पॅसेज भयंकर दिसतो. खिळे उपटले तिथे भोकं, पोपडे, ठोकताना चुकलेल्या जागा. गोळीबार झाल्यासारखी भिंत. तिला दिसत नाही, पण हाताला तर लागतं. रंगाऱ्याला सांगितलं. तिला सांगायचं नाही, अचानकच दाखवू. त्या दिवशी शेजारच्या बाई तिला आपल्याकडे बसवतील.

१२ एप्रिल

रंगारी दिवसभर होता. पुट्टी भरली, घासली, दोन हात दिले. एवढीच तक्रार की भोकांभोवती तेलकट काळे डाग आहेत, रंग धरत नाही. "बोटं लावलीत हो कुणीतरी. रोजची लावल्यासारखी. आणि फक्त भोकांनाच, बाकी भिंत कोरी." म्हटलं, चित्रं अडकवताना माझीच लागली असतील. डागांवर वेगळा हात मारून घेतला.

सुरेख झालंय. कुठून कुठे काय होतं ते शोधूनही सापडत नाही.

संध्याकाळी तिला आणलं. म्हटलं, "हात लाव बघू, काय केलंय ओळख." तिने बोटं टेकवली. पुढे सरकवली, मागे आणली, वर, खाली. एका जागी बराच वेळ बोटांची टोकं फिरवत राहिली, जसं काही पडलेलं शोधतंय माणूस.

"इथे खिळ्यांची भोकं होती."

"बुजवली. एकही ठेवलं नाही. काचेसारखी गुळगुळीत भिंत झालीय."

ती उभी राहिली. वॉकरवरची तिची बोटं पांढरी पडली होती. घासलेली पुट्टी लागली असेल.

"फार कष्ट घेतलेत," म्हणाली. आणि मग, "अहो, मला खुर्चीपर्यंत सोडता का?"

स्वतःहून! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एरवी हात पुढे केला की झटकायची. मी नीट धरून नेलं. तिचा सगळा भार माझ्या हातावर होता.

१५ एप्रिल

आता पुष्कळ शांत झालीय. आपणहून उठत नाही, वाद नाही, कामावर माझा जीव टांगणीला नाही. लेकीला कळवलं, तिलाही हायसं वाटलं.

दुपारी ऑफिसातून फोन केला. बराच वेळ वाजत राहिला. लवकर निघालो. शेजारच्या बाईंना आज बाहेरगावी जावं लागलं होतं. ताट टेबलावर ठेवून गेल्या होत्या, तसंच झाकलेलं. ही सकाळी बसवली होती तिथेच, तशीच. रेडिओ कधीचा बंद पडलेला.

"फोन ऐकू नाही आला?"

"आला."

"मग?"

"लांब होता."

ओठ सुकले होते. पाणी दिलं तर दोन्ही हातांनी पेला धरून एका दमात प्यायली. विचारलं, "केव्हाची तहान लागलीय?"

"सकाळची," म्हणाली. "तुम्ही येणारच होता ना."

फोन उद्या खुर्चीजवळ घेतो. पाण्याची बाटलीही.